तंबाखूत वांगी-टोमॅटो लावू का? आणि आंतरपिकाचे बाकीचे प्रश्न

या वेळी पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त आंतरपिकाचीच निघाली. कापसाला भाव नाही, सोयाबीनची तीच गत, मग दोन ओळींच्या मधी भाजीबिजी घालून चार पैसे सुटतील का असा सगळ्यांचा सूर, आणि जोडीला ‘जमीन पण सुधारंल’ ही आशा. त्यातलं निलंग्याच्या वाचकाचं पत्र जरा वेगळं म्हणून ते आधी घेतोय. उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्याच्यातच आहेत त्यामुळं कापूसवाल्यांनी पण वाचावं.

प्रश्न : सर नमस्कार. निलंगा तालुक्यात चार एकर काळी जमीन आहे, विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं. आमचे सोयरे निपाणीकडचे, त्यांची बिडी तंबाखू असते. ते म्हणतात दोन एकर तंबाखू लाव आणि मधल्या जागेत टोमॅटो, वांगी, मिरची घाल, तंबाखूचा पैसा एकदम येतो, तोवर भाजीवर घर चालतं आणि मिश्र पिकानं जमीन भुसभुशीत होते. खरंय का? लावू का?

दादा, सोयऱ्यांचं पैशाचं गणित बरोबर आहे आणि पिकाची निवड पार चुकलीय.

आधी पैशाचं बोलू. बिडी तंबाखूची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात, पानं कापायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो, त्याच्यावर वाळवणं, भरणं आणि व्यापाऱ्याची वाट बघणं. म्हणजे पाच-सहा महिने रानात नुसता खर्च, त्यामुळं आठवड्याला हातात रोकड देणारं पीक सोबत असावं असं वाटणं साहजिकच आहे.

पण टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा आणि तंबाखू ही सगळी एकाच कुळातली पिकं. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं, आणि ते एका बाजूनं नाही तर चारी बाजूनं.

तंबाखूचा मोझॅक व्हायरस घ्या. हा रोग किडीची वाट बघत नाही, हाताला, खुरप्याला, अंगावरच्या कपड्याला चिकटून एका झाडावरनं दुसऱ्यावर जातो. तंबाखूत शेंडा खुडणं आणि बगलफूट काढणं ही हातानं करायची कामं, आणि बगलफूट तर परत परत येते, म्हणजे बाई तंबाखूचं एकेक झाड हाताळत ओळीनं चालणार आणि त्याच हातानं लगेच टोमॅटो तोडणार. व्हायरसला याच्यापेक्षा चांगली सोय कुठली! त्याच्यावर औषध नाही हे पण लक्षात घ्या, दुकानदार काहीही देऊ द्या. दुसरी पांढरी माशी. मिरचीवरचा बोकड्या किंवा चुरडामुरडा आपल्याकडं सगळ्यांनी बघितलाय, तसलाच पानं मुरडणारा रोग तंबाखूत आणि टोमॅटोत पण येतो आणि पसरवणारी माशी तीच. तंबाखूचं मोठं लवदार पान म्हणजे तिला बसायला सावली.

मुळातली सूत्रकृमी तिसरी, म्हणजे मुळात शिरून गाठी करणारा बारीक किडा. ती तंबाखूत वाढते, वांग्यात वाढते, टोमॅटोत वाढते, भेंडीत पण वाढते. आणि चौथं ते बंबाखू नावाचं परजीवी तण, ज्याला स्वतःचं हिरवं पान नसतं, ते तंबाखूच्या मुळावर जगतं आणि टोमॅटो-वांग्याच्या मुळावर पण. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. एकदा रानात आलं की तुमच्या पोराला पण ते उपटत बसावं लागेल.

अळीचं वेगळं सांगायला नको. सोयाबीनची पानं जाळीदार करणारी जी अळी आपण दर श्रावणात बघतो, पुंजक्यात अंडी घालणारी, तिलाच तंबाखूची पानं खाणारी अळी म्हणतात. निलंग्यात आजूबाजूला सगळं सोयाबीन. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडायला लागलं की तिथले पतंग कोवळ्या, हिरव्या रानाकडं जाणार आणि ते रान तुमचं असणार.

आता ज्या गोष्टीचा विचार सहसा कोणी करत नाही ती सांगतो. भाजी तोडायची वेळ पहाटेची, दव असताना, कारण माल ताजा दिसायला पाहिजे आणि गाडी सातला निघते. तंबाखूच्या ओल्या पानातलं निकोटिन दवाच्या पाण्यात उतरतं आणि कातडीतनं अंगात जातं. मळमळ, उलटी, डोकं गरगरणं, थकवा हे तंबाखू काढणाऱ्या मजुरांचं जुनं दुखणं आहे, ओल्या पानात काम केलं की जास्त होतं. म्हणजे तंबाखूच्या ओळीत भाजी लावली तर बायकांना रोज नेमक्या त्याच वेळी त्या पानातनं फिरवायचं. ज्याच्या घरच्याच बाया रानात आहेत त्यानं तर हा विचार पहिला करावा.

औषधाचं पण तसंच. तंबाखूवर जे मारता त्या सगळ्याला भाजीवर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मंजुरी) नसतो आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे प्रत्येक पिकाचं वेगळं. टोमॅटो तर दोन-तीन दिवसाआड तोडावा लागतो. फवारा एका ओळीवर आणि थेंब दुसऱ्या ओळीवर, मग तो माल लातूरच्या मार्केटला जाणार, कोणाच्या तरी घरात कच्चा कोशिंबिरीत जाणार. मला तरी हे पटत नाही. पुदिन्यावर जर्मनीत प्रयोग झालेत, तंबाखूचे अवशेष टाकलेल्या मातीतनं शेजारचं पीक थोडंफार निकोटिन उचलतं असं त्यात दिसलं. पालेभाजी घेणार असाल तर एवढं डोक्यात असू द्या.

राहिला जमिनीचा मुद्दा, आणि सगळ्यांची चूक इथंच होते असं मला वाटतं. भाजीपाल्यानं जमीन सुधारत नाही. पालक, टोमॅटो, वांगी, फ्लॉवर ही सगळी खाणारी पिकं आहेत, खत खातात, पाणी खातात आणि माल कॅरेटमधनं बाहेर जातो. जमीन सुधारते ती दोन गोष्टींनी, एक म्हणजे शेंगवर्गीय पीक ज्याच्या मुळावरच्या गाठीत हवेतला नत्र बांधला जातो, आणि दुसरं म्हणजे रानातला पालापाचोळा, धसकटं, भुसकट रानातच परत जाणं. तंबाखू या दोन्हीत बसत नाही. ती पालाश भरपूर उचलते आणि जे उचलते ते पानात साठवते, पान म्हणजेच माल, म्हणजे सगळं रानाबाहेर. धसकटं रानात कुजवावीत म्हणलं तर त्यात व्हायरस आणि सूत्रकृमी, म्हणून ती पण उपटून बाहेर काढा असंच सांगावं लागतं. सोयाबीन निदान वाळताना आपली पानं जमिनीवर गाळून जातं.

खतात पण पेच आहे. पालाश द्यायला आपल्याकडं स्वस्त पडतं म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश वापरतात, त्यात क्लोराईड असतं, आणि क्लोराईड जास्त झालं की तंबाखूचं पान नीट जळत नाही, प्रत घसरते, म्हणून तंबाखूला सल्फेट ऑफ पोटॅश देतात जे महाग. बोअरचं मचूळ पाणी असेल तर तोच त्रास. म्हणजे एकाच ड्रिपवर दोन्ही पिकं ठेवली तर महाग खत भाजीला पण जाणार.

मग करायचं काय? तंबाखू लावायचीच असं ठरलंच असेल (कायद्यानं बंदी नाही, तंबाखू बोर्डाची नोंदणी लागते ती सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला, बिडी तंबाखूला नाही) तर दोन पिकं शेजारी-शेजारी न घेता एकामागून एक घ्या. जूनला पाऊस झाला की मूग किंवा उडीद पेरा, ६० ते ७० दिवसात शेंगा तोडून होतात, झाडं तिथंच रोटाव्हेटरनं मातीत घाला आणि त्या बेवडावर तंबाखू लावा. बांधाकडनं ज्वारीच्या दोन-तीन ओळी दाट पेरा, मावा आणि माशीला थोडा अडसर होतो, आणि कडेनं लांब लांब एरंडी टोका, अळीचा पतंग अंडी घालायला एरंडीवर आधी जातो, ती पानं तोडून नष्ट केली की काम हलकं होतं. घरखर्चाची भाजी तंबाखूपासनं लांब, विहिरीजवळ दहा-पंधरा गुंठ्यात वेगळी करा, तिथं काम आधी आणि तंबाखूत नंतर. आणि तंबाखूच्या रानात पुढची दोन-तीन वर्षं टोमॅटो-वांगी-मिरची नको.

कांदा-लसूण कुळानं वेगळे म्हणून चालतील असं कोणी सांगेल. कुळ वेगळं हे खरं, पण कांद्यावरचा फुलकिडा तंबाखूवर पण जगतो, तेवढं बघून घ्या.

एक शेवटचं, हे तांत्रिक नाही. आपल्या भागात तंबाखू मळणारे गावोगावी आहेत पण लावणारे क्वचितच. निपाणीत व्यापारी बांधावर येतो, मजुराला पान कधी कापायचं कळतं, वाळवायची जागा आहे, धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र तिथंच आहे. निलंग्यात यातलं काय आहे? दोन एकराचा माल घेऊन तुम्ही निपाणीला जाणार तेव्हा भाव कोण ठरवणार हे सोयऱ्यांना विचारा. हमीभाव या पिकाला नाही. राजमहेंद्रीची केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था, जिनं आयुष्यभर तंबाखूवरच काम केलं, तिचं नाव सुद्धा आता बदललंय आणि मिरची, हळद, एरंडी असली पिकं तिच्याकडं आलीत. मिरची आणि हळद आपल्याला घरची आहेत. मी तुमच्या जागी असतो तर त्या दोन एकरात सोयाबीन-तूर ४:२ (चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर) केली असती, तूर बदनापूरची बीडीएन ७११ सारखी लवकर येणारी, आणि पाणी आहे म्हणून अर्धा एकर मिरची वेगळी.

प्रश्न : जिंतूर तालुका. कापसात मोकळी जागा भरपूर राहते. भेंडी लावली तर पैसे लवकर होतील असं वाटतं. काहीजण मूग म्हणतात पण मुगाला भाव कुठंय? जमिनीचा कस फार कमी झालाय, माती परीक्षणाचं कार्ड काढलं तर सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के आला.

वर जे तंबाखू-टोमॅटोचं म्हणलं तेच कापूस-भेंडीचं. दोन्ही एका कुळातली. तुडतुडे, पांढरी माशी, मिलीबग, ठिपक्याची बोंडअळी ही सगळी मंडळी दोन्हीवर खुशाल राहतात, आणि भेंडीवर पानं पिवळी पाडणारा केवडा रोग पसरवते ती पण हीच माशी. कडेनं चार झाडं सापळा म्हणून लावणं वेगळं आणि ओळीआड भेंडी करणं वेगळं.

०.३२ म्हणजे कमीच. आपल्या सगळ्या पट्ट्यात असंच आहे, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला जमीन उघडी तापते, त्यात जे काही सेंद्रिय आहे ते जळून जातं, वरनं पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आपणच पेटवतो. चुनखडी असल्यामुळं स्फुरद अडकून बसतो, जस्त-लोह मिळत नाही. हे एका हंगामात सुधारत नसतं, कोणी बाटली दाखवून सांगितलं तर बाटली परत द्या.

मूग-उडीद का सांगतात, तर कापूस पहिले दोन महिने हळू वाढतो, जमीन उघडी पडते, तेवढ्यात मूग येऊन निघून जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस कापूस-मूग किंवा कापूस-उडीद १:१ अशी आहे, ओळीआड ओळ. भावाचं म्हणाल तर असं मोजून बघा. समजा नुसता कापूस एकरी ५ क्विंटल येतो आणि नुसता मूग ३ क्विंटल. दोन्ही एकत्र केल्यावर कापूस ४ झाला आणि मूग दीड. कापूस पाचाचे चार म्हणजे ०.८, मूग तिनाचा दीड म्हणजे ०.५, बेरीज १.३. याचा अर्थ एका एकरात जे निघालं ते वेगवेगळं काढायला तुम्हाला १.३ एकर लागलं असतं. बेरीज एकाच्या खाली आली तर आंतरपीक तोट्याचं. हा हिशोब आपल्या रानाच्या आकड्यानं करायचा, माझ्या नाही, आणि याच्यात मजुरी धरलेली नसते ती वेगळी वजा करायची. मूग तोडायला बायका मिळत नसतील तर कागदावरचे १.३ कागदावरच राहतात.

आता कस. मुगानं बांधलेल्या नत्रातला मोठा वाटा दाण्यात जातो. आपण काय करतो, झाडं मुळासकट उपटतो, खळ्यावर नेतो, भुसकट जनावराला, शेण गोवऱ्याला. मग जमिनीला काय उरलं? म्हणून शेंगा तोडा आणि झाड कोळप्यानं तिथंच मातीआड करा. त्याच्यापुढं भाजीच पाहिजे असेल तर चवळी किंवा गवार घ्या, दोन्ही शेंगवर्गीय, गवार पाण्याची ओढ सहन करते. चवळीवर मावा येतो आणि त्याच्यामागं ढालकिडे येतात, ते मग कापसावरच्या माव्यावर पण तुटून पडतात, त्यामुळं चवळीवर मावा दिसला की लगेच पंप उचलू नका. मधी मधी झेंडू टोका.

पऱ्हाटी जाळू नका पण बांधावर रचून पण ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. श्रेडर भाड्यानं मिळतो, बारीक करून मातीत किंवा खड्ड्यात. जमिनीला तेवढाच काडीकचरा मिळतो.

प्रश्न : मी वसमत तालुक्यातली. हळदीत मेथी-कोथिंबीर लावते आणि आठवडी बाजारात विकते. सासरे म्हणतात त्याच्यापेक्षा मका लाव, वैरण पण होईल. कोणाचं ऐकू? आणि कोथिंबिरीचा भाव मी नेते त्याच दिवशी पडतो, असं का?

ताई, तुम्ही करताय तेच बरोबर आहे, सासऱ्यांना माझं नाव सांगा.

हळद उगवायला आणि पसरायला वेळ घेते, त्या दोन-अडीच महिन्यात मेथी, कोथिंबीर, मुळा येऊन निघून जातात, मुळं वरच्या थरात, हळदीच्या गड्ड्याशी भांडण नाही. मका उंच वाढतो, खादाड आहे, सावली करतो आणि हळदीचं उत्पादन १५-२० टक्के कमी करतो हे शिफारशीत स्पष्ट सांगितलेलं आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मधी भौगोलिक मानांकन मिळालंय, असल्या पिकाचा माल वैरणीपायी घटवायचा का? सावलीच पाहिजे असेल तर एरंडी लांब लांब टोका, जुनी माणसं तेच करायची. वैरणीचा मका वेगळ्या तुकड्यात करा, सासरे पण खूश.

भावाचं म्हणाल तर तुम्ही ज्या दिवशी नेता त्याच दिवशी गावातल्या सगळ्याच नेतात, कारण सगळ्यांनी एकाच पावसावर पेरलेली असते. सगळं क्षेत्र एकदम पेरू नका. वाफे पाडून ८-१० दिवसाच्या अंतरानं थोडं थोडं पेरा, कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसात येते, म्हणजे दर बाजाराला थोडा माल राहतो आणि एका बाजाराला पडला तरी दुसऱ्याला सावरतो. उन्हाळ्याच्या शेवटी पेरताना धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून सावलीत सुकवून मग पेरा, नाहीतर उगवण फसते. ज्या कोथिंबिरीला उन्हाळ्यात भाव असतो ती उन्हाळ्यात उगवतच नाही, भाव म्हणूनच असतो.

मोठ्या मार्केटला आडत, हमाली, गाडीभाडं जाऊन जुडीमागं काय उरतं ते एकदा लिहून काढा. माझा अंदाज आठवडी बाजारच तुम्हाला परवडतोय.

प्रश्न : देगलूरकडं जमीन घेतली. आधीचा मालक बरीच वर्षं तंबाखू लावायचा. मी दोन वर्षं मिरची लावतोय, झाडं पिवळी पडून खुजी राहतात. उपटून बघितलं तर मुळाला गाठी आहेत. एकजण म्हणाला गाठी चांगल्या असतात, नत्र बांधतात.

भाऊ, नत्र बांधणाऱ्या गाठी शेंगवर्गीय झाडाला असतात, मिरचीला नाही. ओळखायची खूण सांगतो. मुगाच्या किंवा भुईमुगाच्या मुळावरची गाठ वरनं चिकटलेली असते, बोटानं सहज निघते, फोडली तर आत गुलाबीसर. तुमच्या मिरचीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, निघत नाही, तोडलं तर मूळ तुटतं. ही सूत्रकृमी. तंबाखूत पोसलेली, आता मिरचीवर चाललीय.

मिरची थांबवा. वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी, दोडका हे पण नको, सगळ्यावर ती वाढते. एप्रिल-मेमधी खोल नांगरून रान उन्हात तापू द्या, दोनदा पाळी घाला. ही आपल्या उन्हाची एकमेव चांगली गोष्ट, पण वर म्हणलं तसं त्या उन्हात कर्ब पण जळतो, म्हणून हे दरवर्षी करायचं काम नाही, रोग आहे तोवरच. पावसाला ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमाराला गाडा. नंतर रब्बीला ज्वारी. ज्याला भाजीच करायचीय त्यानं एक हंगाम पूर्ण झेंडू करावा, दोन-चार ओळी नाही तर सगळं रान, झेंडूच्या मुळातनं निघणारी द्रव्यं या किड्याला सोसत नाहीत, आणि दसरा-दिवाळी धरून लावला तर फुलाचे पैसे पण होतात. त्याच्यानंतर मिरची लावताना निंबोळी पेंड रोपाच्या बुडाशी. आणि रोपवाटिकेतनं रोपं आणता तेव्हा दोन-चार उपटून मुळं बघा, पुष्कळदा किडा पैसे देऊन विकत आणलेला असतो.

तुम्हाला सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. मुळासकट झाड आणि मुळाजवळची ओली माती पिशवीत बांधून घेऊन जा, वाळवू नका.

प्रश्न : अग्निअस्त्र हा कीड मारायचा घरगुती काढा, त्यात तंबाखू घालतात, ते टोमॅटोवर मारलं तर चालतं का? सेंद्रिय आहे ना? (केज)

सेंद्रिय आहे म्हणून गरीब आहे असं नाही. निकोटिन हे जालीम विष, निकोटिन सल्फेट नावाचं औषध आपल्या देशात वापरायला बंदी आहे ते उगीच नाही. तुमच्या काढ्यात निकोटिन किती उतरलं हे तुम्हाला मोजता येत नाही, मावा मरतो तसा ढालकिडा पण मरतो. उकळताना वाफ नाकात घेऊ नका, भांडं स्वयंपाकाचं वापरू नका, आणि फळं तोडायला आलेली असताना तर मारूच नका.

टोमॅटो-मिरचीवर अजून एक धोका आहे, तो मोझॅक व्हायरस वाळलेल्या तंबाखूत पण जिवंत राहतो. चांगली खळखळून उकळी दिली, ९० डिग्रीच्या वर दहा-पंधरा मिनिटं, तर तो निकामी होतो, नुसती भिजत घातलेली तंबाखू गाळून मारली तर तुम्ही रोगच फवारताय. मला विचाराल तर टोमॅटोला ५ टक्के निंबोळी अर्क मारा आणि तंबाखू त्याच्यातनं काढून टाका.

याच्यावरनं आठवलं, ज्यांच्याकडं टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका आहे त्यांनी तंबाखू मळणाऱ्या माणसाला साबणानं हात धुतल्याशिवाय आत जाऊ देऊ नये. कोणी रागावतं, रागावू द्या. रोपं काढणाऱ्या बायांच्या मिशरीला पण हाच नियम.

प्रश्न : माती परीक्षणाला नमुना कधी आणि कसा घ्यायचा? खत टाकल्यावर घेतला तर चालतो का? (औसा)

नाही चालत. पीक निघाल्यावर, खत-शेणखत टाकायच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे बरा. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासनं खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत सुकवा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, जनावरं बसतात तिथली आणि ड्रिपच्या नळीखालची माती घेऊ नका. आंतरपीक असलेल्या रानात दोन्ही पिकांच्या ओळीतनं आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातनं अशी मिसळून घ्या. खताची रिकामी पोती नमुना भरायला वापरतात लोकं, मग रिपोर्टमधी पालाश भरपूर दिसतो आणि रानात काही नसतं.